रेघ आणि रस



चित्रकला म्हटली म्हणजे कागद, कुंचला आणि बाजारांतून आणलेल्या रंगांच्या नळ्या आपल्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. त्यामुळें एखाद्या आजच्या चित्रकारानें शाईच्या जोडीला चहा, कॉफी किंवा नदीचा गाळ घेऊन चित्र काढलें असें ऐकलें, कीं हें कांहीं तरी नवें खूळ असावें अशी आपली समजूत होते. ह्या समजुतीला इतिहासाचा आधार कितपत आहे, हें आज पाहावयाचें आहे. आणि त्यासाठीं यवतमाळ जिल्ह्याच्या रानांत शिरणें सोयीचें होईल.

येथें सागाचें कोवळें पान बोटांनीं चुरगाळावें, तों बोटें तांबडीं होतात. पळसाचीं फुलें पाण्यांत उकळलीं म्हणजे केशरी रंग उतरतो. होळीला लोक तो एकमेकांच्या अंगावर टाकीत आले. शिवाय बाभळीचा डिंक आहे, हिरडा आहे आणि बिब्बा आहे. हें रान म्हणजे एक मोठी दौतच होय.

आपल्या जुन्या पोथ्यांची शाई घरींच होत असे. दिव्याचें काजळ धरावें, डिंकाच्या पाण्यांत तें पुष्कळ वेळ घोटावें आणि बोरूनें लिहावें. काजळ म्हणजे शुद्ध कोळशाची धूळ. तिला ऊन फिकें करूं शकत नाहीं. म्हणून शेंकडों वर्षांचीं अक्षरें अजून काळीभोर दिसतात. ह्या शाईला भय एकच, तें पाण्याचें. हिरड्याच्या काढ्यांत हिराकस घालून होणारी शाई निराळी. ती प्रथम फिकी असते, हवा लागली म्हणजे काळी पडते आणि कागदांत मुरते. मायफळाची अशीच शाई युरोपांत कित्येक शतकें चालली. तिच्यांतील आम्ल कालांतरानें कागदच खातें. तेथील थोर चित्रकारांचीं जीं रेखाटनें आज तपकिरी दिसतात, त्यांतील कित्येक मूळचीं काळीं होतीं.

बिब्ब्याचा प्रकार ह्याहून वेगळा. त्याच्या सालींतला रस हवेंत काळा पडतो, आणि चुन्याशीं मिळाला म्हणजे कपड्यावर असा बसतो कीं धुऊन जात नाहीं. परीट त्यानेंच कपड्यांवर खुणा करीत. त्या झाडाला शास्त्रज्ञांनीं दिलेल्या ‘सेमेकार्पस’ ह्या नांवाचा ग्रीक अर्थही ‘खुणेचें फळ’ असाच आहे. जपानांत ज्या झाडाच्या चिकानें पेट्या आणि पेले चकचकीत करतात, तें ह्याच कुळांतलें. काजू आणि आंबाही त्याचेच भाऊबंद.

परंतु हा रस अंगाला लागला म्हणजे फोड येतात. धोतराच्या कोपऱ्यावरची ती खूण कपडा फाटेपर्यंत टिकली. ती करणाऱ्या हाताची नोंद मात्र कोणीं ठेविली नाहीं. आजही आपल्या डिंकाच्या लाडवांत जी गोडंबी पडते, ती बिब्बे फोडून काढणाऱ्या स्त्रियांचे हात ह्याच रसानें भाजतात.

रसाची ही ओळख कलेच्या क्षेत्रांतही जुनीच आहे. फ्रेंच साहित्यिक व्हिक्टर ह्यूगो (१८०२–१८८५) आपल्या रेखाटनांत शाईबरोबर कॉफी आणि काजळीही वापरीत असे. आपल्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला, डहाणू तालुक्यांत, वारली सुवासिनी लग्नाच्या वेळीं तांदळाच्या पिठाच्या पाण्यानें भिंतीवर चौक लिहीत. तेंच पीठ आणि शेणानें सारवलेली भूमि घेऊन जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) ह्यांनीं ती रेघ भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणिली. त्यांना १९७६ सालीं राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ सालीं पद्मश्री मिळाली. २००३ सालीं जर्मनींतील ड्युसेलडॉर्फ येथें त्यांचीं चित्रें रिचर्ड लाँग ह्या इंग्रज कलावंताच्या कामाशेजारीं मांडलीं गेलीं. लाँग हे एव्हन नदीचा गाळ हातानें भिंतीवर लावून चित्रें करतात. त्यांना आधुनिक म्हणावयाचें आणि मशे ह्यांना केवळ पारंपरिक, हा भेद त्या दालनांत टिकणें कठीण होतें. दोघांनींही पायाखालच्या जमिनीचाच रंग केला होता.

तेव्हां अपरिचित द्रवानें काढलेलें चित्र पाहतांना, हा पदार्थ विचित्र आहे काय, एवढेंच विचारून भागणार नाहीं. चित्रकाराला त्या रसाचा स्वभाव माहीत आहे काय, पन्नास वर्षांनीं ती रेघ फिकी पडेल, काळी होईल कीं कागद खाईल, आणि तो रस मिळवितांना कोणाचे हात भाजले, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत. काजळ घोटणारा लेखक आणि बिब्बा हाताळणारा परीट ह्यांना आपल्या रसाचा गुण आणि दोष पक्के ठाऊक होते. आजच्या कलावंताकडून आपण निदान तेवढ्या जाणिवेची अपेक्षा धरावी, इतकें सांगून आपली रजा घेतों.