‘कॅसाब्लांका’चा शेवट कधी ठरला?

७ ऑगस्ट १९४२ रोजी वॉर्नर ब्रदर्सचे निर्माते हाल वॉलिस यांनी संकलक ओवेन मार्क्स यांना एक टिपण पाठवले. ‘कॅसाब्लांका’चे चित्रीकरण ३ ऑगस्टलाच आटोपले होते, पण शेवटाबाबत वॉलिस यांचे समाधान झाले नव्हते. धुक्यात कॅप्टन रेनोसोबत चालत जाणाऱ्या नायक रिकच्या तोंडी त्यांना एक वाक्य हवे होते. टिपणात त्यांनी दोन पर्याय दिले. एकात रेनोच्या देशभक्तीत थोडी लबाडी मिसळल्याचा टोमणा होता, दुसऱ्यात एका सुंदर मैत्रीला सुरुवात झाल्याचा उल्लेख. हंफ्री बोगार्टला पुन्हा बोलावून आवाज मुद्रित करण्यात आला आणि दुसरे वाक्य चित्रपटात गेले. दोघेही पाठमोरे असल्यामुळे ओठांशी शब्द जुळवण्याची अडचण नव्हती.

एवढे अस्सल कागदावर आहे. त्याच्या शेजारी एक मोठी आख्यायिका उभी राहिली. नायिका इल्सा आपल्या नवऱ्याबरोबर, म्हणजे भूमिगत नेता लाझ्लोबरोबर, विमानात बसणार की रिकजवळ राहणार, हे म्हणे शेवटपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. पटकथा रोज सकाळी ताजी लिहिली जाई. चित्रपट जमला तो योगायोगाने. ही गोष्ट इतकी लाडकी आहे की चित्रपटाच्या टिकून राहिलेल्या मोहिनीचे कारण म्हणूनही ती सांगितली जाते. बखर आणि समकालीन पत्र यांत विरोध आला तर आधी पत्र वाचावे, ही शिस्त इतिहासकार राजवाड्यांनी १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढताना आपल्याला लावून दिली. तीच इथे लावून पाहण्यासारखी आहे. साधनांची वाण नाही: वॉर्नर ब्रदर्सचे दफ्तर लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात जतन झाले आहे. रूडी बेलमर यांनी त्यातली निवडक टिपणे १९८५ साली छापली आणि अल्जीन हार्मेट्झ यांनी १९९२ साली त्या कागदांच्या आधारे या चित्रपटाचा सविस्तर इतिहास लिहिला.

सुरुवात एका रंगभूमीवर न आलेल्या नाटकापासून होते. न्यूयॉर्कमधले शिक्षक मरे बर्नेट १९३८ च्या उन्हाळ्यात व्हिएन्नाला गेले होते. ऑस्ट्रिया नुकताच जर्मनीने गिळला होता आणि ज्यूंची पळापळ चालली होती. तिथून ते फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर आले, तेव्हा एका नाइटक्लबमध्ये त्यांना नाना देशांची माणसे आणि पियानो वाजवणारा एक कृष्णवर्णीय कलावंत दिसला. या दोन अनुभवांतून जोन ॲलिसन यांच्यासह त्यांनी ‘एव्हरीबडी कम्स टू रिक्स’ लिहिले. ते वॉर्नरच्या कचेरीत पोचले ८ डिसेंबर १९४१ ला, म्हणजे पर्ल हार्बरच्या दुसऱ्या दिवशी. ११ डिसेंबरला स्टीफन कार्नॉट या वाचकाने अहवाल दिला: कथा काळाला धरून आहे, ताण उत्तम आहे, तिकिटे खपतील, आणि भूमिका बोगार्ट, कॅग्नी किंवा राफ्ट यांना शोभेल. स्टुडिओने २० हजार डॉलर मोजून नाटक घेतले. ३१ डिसेंबरला वॉलिस यांनी यापुढे त्याचे नाव ‘कॅसाब्लांका’ असेल असे कळवले.

पहिल्याच अहवालात बोगार्टचे नाव आहे, हे ध्यानात घ्यावे. रिकची भूमिका आधी रोनाल्ड रेगन करणार होते, या समजुतीचा आधार जानेवारी १९४२ मधले एक प्रसिद्धिपत्रक एवढाच आहे. आपल्या नटांची नावे वर्तमानपत्रांत फिरत राहावीत म्हणून स्टुडिओ अशी पत्रके काढत. १४ फेब्रुवारीला वॉलिस बोगार्टला धरून चालले होते. जॉर्ज राफ्टने भूमिका नाकारली, ही कथा तर उलटीच आहे. एप्रिलमध्ये जॅक वॉर्नर यांनी राफ्टला ही भूमिका हवी आहे असे कळवले, आणि १३ एप्रिलला वॉलिस यांनी ठाम नकार दिला: भूमिका बोगार्टसाठीच लिहिली जात आहे.

आता शेवटाकडे येऊ, कारण खरा वाद तिथे आहे. मूळ नाटकात नायिकेचे नाव लोईस, ती अमेरिकन. पण अखेरीस रिक तिला लाझ्लोबरोबर रवाना करतो आणि स्वतःला जर्मन अधिकाऱ्याच्या हवाली करतो. म्हणजे ती कोणाबरोबर जाणार याचे उत्तर बर्नेट आणि ॲलिसन यांनी १९४० मध्येच लिहून ठेवले होते. ते बदलण्याची वाटही मोकळी नव्हती. हॉलिवुडच्या नीतिसंहितेची अंमलबजावणी करणारे जोसेफ ब्रीन प्रत्येक पान तपासत. १८ जूनच्या पत्रात त्यांनी रिकच्या खोलीतल्या दृश्यावर हरकत घेतली: शरीरसंबंधाचा संशय येतो, तेव्हा दृश्य काळोखात विरू न देता थेट पुढच्यात मिसळावे आणि त्यानंतरच्या भागात पलंग किंवा कोच दिसू नये. इतकी काटेकोर नजर असताना जिवंत नवऱ्याला सोडून प्रियकराकडे राहणारी नायिका पडद्यावर येणे अशक्य होते.

मग लेखक उन्हाळाभर कशाशी झगडत होते? ‘का’ आणि ‘कसे’ यांच्याशी. याबाबत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो केसी रॉबिन्सन यांचा २० मेचा कागद. त्यांचे नाव श्रेयनामावलीत नाही. चित्रीकरण सुरू व्हायला पाच दिवस उरले असताना त्यांनी वॉलिस यांना लिहिले की रिक इल्साला धाडतो तेव्हा तो नुसता प्रेमाच्या त्रिकोणाचा निकाल लावत नाही. तिच्या स्वभावातल्या ध्येयवादाला जागायला तो तिला भाग पाडतो, कारण या दिवसांत लाझ्लोचे कार्य दोन माणसांच्या प्रेमाहून मोठे आहे. विमानतळावरच्या रिकच्या भाषणाचा गाभा इथे आधीच तयार आहे. अनिश्चित राहिले ते तपशील: इल्साचे मन कसे वळवायचे, जर्मन अधिकारी स्ट्रासर याला गोळी घातल्यावर रेनो काय करील, रिक सुटेल कसा. जूलियस आणि फिलिप एपस्टाइन हे बंधू आणि हॉवर्ड कोच यांनी हे पेच जुलैपर्यंत सोडवले. विमानतळाचे दृश्य चित्रित होत असताना, १७ जुलैला, दिग्दर्शक मायकेल कर्टिझ आणि बोगार्ट यांच्यात वाद होऊन काम खोळंबले आणि वॉलिस यांना मध्यस्थीसाठी बोलवावे लागले, अशी नोंद निर्मिती व्यवस्थापकांच्या अहवालात आहे. काही ठरलेलेच नसते तर वाद तरी कशावरून झाला असता?

इंग्रिड बर्गमनची आठवण मात्र खोटी म्हणता येत नाही. १९८० च्या आत्मचरित्रात तिने लिहिले की मी दोघांपैकी कोणावर प्रेम करते हे मला कोणी सांगेना, आणि कर्टिझने मधला मार्ग धरायला सांगितले. २५ मे रोजी पॅरिसच्या आठवणीतल्या प्रसंगाने चित्रीकरण सुरू झाले तेव्हा पूर्ण पटकथा तिच्या हाती नव्हती, हे कागदही सांगतात. तिला कळले नव्हते आणि ठरले नव्हते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिच्या चेहऱ्यावरची दुविधा खरी आहे; तिच्याभोवतीची रचना मात्र पक्की होती. आणि म्हणूनच, माझ्या मते, हा चित्रपट दहाव्यांदा पाहतानाही धरून ठेवतो. उत्तर माहीत असते. त्या उत्तराची किंमत पुन्हा मोजावीशी वाटते.

ही किंमत पडद्यावरच्या बऱ्याच माणसांनी खरोखर मोजली होती. श्रेयनामावलीतल्या चौदा कलावंतांपैकी अमेरिकेत जन्मलेले तिघेच: बोगार्ट, डूली विल्सन आणि जॉय पेज. स्ट्रासर झालेला कॉनराड व्हाइट ज्यू पत्नीसह १९३३ मध्ये जर्मनी सोडून आला होता. जुगाराच्या टेबलाशी उभा असणारा मार्सेल दालियो आणि ‘मार्सेयेज’ गाताना डोळे भरून येणारी मादलेन लबो हे नवरा-बायको १९४० मध्ये पॅरिसमधून निसटून लिस्बनमार्गे निघाले होते. ‘ज्यू कसा ओळखावा’ हे दाखवण्यासाठी नाझींनी दालियोचा चेहरा भित्तिपत्रकांवर छापला होता. कार्ल झालेल्या एस. झेड. सकाल यांच्या तीन बहिणी छळछावण्यांत मारल्या गेल्या.

८ नोव्हेंबर १९४२ ला दोस्तांचे सैन्य उत्तर आफ्रिकेत उतरले आणि कॅसाब्लांका शहर एकाएकी मथळ्यांत आले. स्टुडिओत पुन्हा चुळबुळ सुरू झाली: रिक आणि रेनो त्या चढाईत सामील झालेले दाखवणारे दृश्य जोडावे काय? रेनो झालेले क्लॉड रेन्स लगेच मिळत नव्हते. तयार चित्रपट पाहून निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांनी शेवट बदलणे ही घोडचूक ठरेल असे कळवले. दृश्य जोडले गेले नाही. २६ नोव्हेंबरला न्यूयॉर्कमध्ये पहिला खेळ झाला, आणि मार्च १९४४ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले.

रॉबिन्सन यांचे म्हणणे किती अचूक होते, याची एक परीक्षा नकळत घेतली गेली. १९५२ साली पश्चिम जर्मनीत चित्रपट लागला तो सुमारे २५ मिनिटे कापून. स्ट्रासर नाहीसा झाला, नाझींचे उल्लेख पुसले गेले आणि लाझ्लो हा भूमिगत नेता नॉर्वेचा अणुशास्त्रज्ञ बनला. प्रेमकथा तेवढी ठेवली होती, पण इल्साने जायचे कारणच कापले गेले होते. १९७५ मध्ये जर्मन दूरचित्रवाणीने संपूर्ण चित्रपट नव्या संवादांसह दाखवला, तेव्हा कुठे तिथल्या प्रेक्षकांना ती कोणत्या कामासाठी विमानात बसते ते कळले.