कॉफी केक आणि डब्यावरची बारीक अक्षरं



मागच्या महिन्यात नातीचा वाढदिवस झाला. सासूबाईंना सूर्यास्तानंतर चालत नाही, म्हणून केक दुपारी चारलाच कापला. बिनअंड्याचा, कॉफीचा, घरीच केलेला. सासूबाईंनी आवडीने दोन तुकडे खाल्ले. रात्री ओटा आवरताना कॉफीचा डबा हातात आला आणि बारीक अक्षरं दिसली: कॉफी 53 टक्के, चिकोरी 47 टक्के. चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ. आणि सासूबाईंचा कंदमुळाचा त्याग लग्नाआधीपासूनचा!

झोप लागेना. कॉफीत हे मूळ आलं कुठून, ते शोधत बसले.

कॉफी स्वतः निर्दोष आहे. ती फळातली बी. सतराव्या शतकात बाबा बुदन नावाच्या सूफी संताने येमेनहून सात बिया लपवून आणल्या आणि चिक्कमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. तो डोंगर आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

मूळ आलं ते युरोपात, पैशाच्या हिशेबातून. अठराव्या शतकात प्रशियाच्या फ्रेडरिक राजाला कॉफीपायी देशाबाहेर जाणारा पैसा डोळ्यांत खुपत होता. त्याने कॉफीवर बंधनं घातली, तेव्हा लोक चिकोरीचं मूळ भाजून, दळून पिऊ लागले. रंग तसाच, कडवटपणाही जवळपास तसाच. 1806 मध्ये नेपोलियनने ब्रिटिश मालाची नाकेबंदी केली. समुद्रापलीकडची कॉफी दुर्मीळ झाली आणि फ्रान्समध्येही चिकोरी घरोघर शिरली. टंचाई सरली, पण जिभेची सवय राहिली.

पुढे 1876 मध्ये ग्लासगोच्या एका कंपनीने कॉफी, चिकोरी आणि साखरेचा पाक बाटलीत भरून विकायला काढला. त्याचं नाव कॅम्प कॉफी. इंग्लंडच्या बायका कॉफी-अक्रोड केकमध्ये वर्षानुवर्षं हाच अर्क घालत आल्या. म्हणजे केकमधली ती ‘कॉफीची चव’ बरीचशी मुळाचीच! आपल्याकडे चिकोरी जामनगर भागात आणि उत्तर प्रदेशात पिकते. मिश्रणात निदान 51 टक्के कॉफी हवी, असा नियम आहे. उरलेलं 49 टक्क्यांपर्यंत मूळ असू शकतं.

अंड्याची गोष्ट मात्र मन सुखावणारी आहे. पूर्वी केक फुगायचा तो फेटलेल्या अंड्यांनी किंवा यीस्टने. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याच्या बायकोला दोन्ही सोसत नसे. तिच्यासाठी त्याने 1837 मध्ये बिनअंड्याचं कस्टर्ड केलं आणि 1843 मध्ये बेकिंग पावडर. त्याला आपला धर्म ठाऊक असण्याचं कारण नाही, पण घरातल्या एका माणसाला चालत नाही म्हणून त्याने अख्खी रीत बदलली. आपण तरी रोज स्वयंपाकघरात वेगळं काय करतो?

काही जणी म्हणतील, हळद आणि सुंठ वाळल्यावर चालतात, मग भाजलेली चिकोरी का नको? ज्या घरी जो नियम, तो पाळावा. शंका असेल तर महाराजांना विचारावं. माझ्या मनाला मात्र चिमूटभर सुंठ आणि निम्मा डबा मूळ एकसारखं वाटत नाही.

सकाळी सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. त्या दोन क्षण गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तुला माहीत नव्हतं गं. आता माहीत झालं ना?” त्या दिवशी त्यांनी मीठ सोडलं. मीही सोडलं.

आता मी ‘शंभर टक्के कॉफी’ लिहिलेलीच दळलेली पूड आणते. दोन मोठे चमचे पूड अर्धा कप उकळत्या पाण्यात दहा मिनिटं झाकून ठेवायची आणि कापडातून गाळायची. 125 ग्रॅम मैदा, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, 200 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, 60 ग्रॅम लोणी आणि ही गार कॉफी. 180 अंशांवर 35 ते 40 मिनिटं. रंग थोडा फिका येतो, पण वास खरा येतो.

परवाच्या रविवारी हाच केक केला. सासूबाईंनी आधी डबा मागितला, चष्मा लावून वाचला आणि मग तुकडा घेतला. तुम्हीही आज आपापला डबा उलटून वाचा.