सोडणाऱ्यांचा जमाखर्च

विडी-सिगारेट सोडा, असा उपदेश करणारे वडीलधारे प्रत्येक घरात असतात. परंतु सोडल्याने पदरात नेमके काय पडते, हे आकड्यांनिशी सांगण्यासाठी शास्त्राला ५० वर्षे वाट पाहावी लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात फुप्फुसाच्या कर्करोगाने मरणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढत होती. कारण शोधण्याचे काम संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल आणि तरुण डॉक्टर रिचर्ड डॉल यांच्याकडे आले. डॉल यांचा संशय होता रस्त्यावरच्या डांबरावर आणि मोटारींच्या धुरावर. स्वतःच्या हातातल्या सिगारेटवर नव्हे! लंडनच्या रुग्णालयांत त्यांनी रोग्यांची विचारपूस केली. हा कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांत कधीच धूम्रपान न केलेले निघाले अवघे २. निबंध छापून आला १९५० साली. पण काम चालू असतानाच, १९४९ साली, डॉल यांनी सिगारेट टाकली होती.

तरीही शंकेखोरांचे समाधान होईना. तेव्हा १९५१ साली या दोघांनी इंग्लंडातल्या डॉक्टरांनाच पत्रे धाडली : आपण धूम्रपान करता काय? किती? सुमारे ४०,००० उत्तरे आली. डॉक्टरांची नावे सरकारी नोंदवहीत असत. त्यामुळे कोण केव्हा व कशाने वारला, याचा माग ठेवणे सोपे होते. मग सुरू झाली ती प्रतीक्षा.

पहिला वृत्तांत १९५४ च्या जूनमध्ये आला आणि धूम्रपानाचा दोष पुन्हा सिद्ध झाला. पुढे काय झाले, तेच या कथेचे मर्म होय. ज्यांचा अभ्यास चालला होता, त्या डॉक्टरांपैकीच पुष्कळांनी सिगारेट सोडली! आता एकाच वहीत तीन खाती झाली : कधीच न ओढणारे, ओढत राहिलेले आणि मध्येच सोडणारे. सोडण्याचे मोल कळले, ते या तिसऱ्या खात्यामुळे.

शेवटचा ताळेबंद २००४ साली प्रसिद्ध झाला. ओढत राहिलेले पुरुष डॉक्टर न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी १० वर्षे आधी गेले. ज्यांनी तिशीत सोडले, त्यांना ती जवळजवळ सगळी १० वर्षे परत मिळाली. चाळिशीत सोडणाऱ्यांना ९, पन्नाशीत ६ आणि साठीत ३.

हिल १९९१ सालीच निवर्तले होते. डॉल यांनी मात्र हा हिशोब स्वतः पुरा केला आणि २००५ साली, ९२ व्या वर्षी, जगाचा निरोप घेतला. सिगारेट सोडली तेव्हा त्यांची सदतिशी जवळ आली होती.

‘आता या वयात सोडून काय उपयोग?’ असे साठीचे आजोबा म्हणतात. त्यांना उत्तर त्या वहीत आहे. तीन वर्षे थोडी खरी; पण तेवढ्यात नातू बोट सोडून एकटा शाळेत जाऊ लागतो.