जुन्या पीएस२ वर बटण दाबलं की खेळाडू उशिरा हलतो? इनपुट लॅग कसा शोधायचा आणि कमी करायचा

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जुना प्लेस्टेशन २ खाली येतो. पिवळी-लाल-पांढरी केबल हॉलमधल्या नव्या टीव्हीला लागते, टेकन ५ सुरू होतो आणि दोन मिनिटांत काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं. ब्लॉक करूनही फटका बसतोच. शेजारी बसलेला मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्ही स्लो झालात!"

मग एकतर नवीन कंट्रोलर आणला जातो, नाहीतर मशीनच भंगारवाल्याला दिलं जातं. दोन्ही करण्याआधी हा लेख वाचा. बहुतेक वेळा दोष तुमच्या हाताचाही नसतो आणि पीएस२ चाही नसतो. उशीर टीव्हीत होतो.

इनपुट लॅग म्हणजे नेमकं काय?

तुम्ही बटण दाबल्यापासून त्याचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंत जो वेळ जातो, तो इनपुट लॅग. तो मिलिसेकंदात मोजतात. १००० मिलिसेकंद म्हणजे १ सेकंद.

कल्याणहून लोकल वेळेत सुटते, पण दिव्याजवळ सिग्नलला थांबते आणि ठाण्याला उशिरा पोचते. आपण प्लॅटफॉर्मवर उभे राहून म्हणतो, "गाडी लेट आहे". पण गाडीत बिघाड नसतो, उशीर वाटेत झालेला असतो. इथेही तसंच आहे. बटणाचा सिग्नल कंट्रोलर, कन्सोल, केबल किंवा कन्व्हर्टर आणि टीव्ही अशा चार टप्प्यांतून जातो. आपल्याला फक्त गाडी कुठे अडते ते शोधायचं आहे.

जुन्या टीव्हीवर हा त्रास का नव्हता?

पीएस२ २००० साली आला आणि २०१३ च्या सुरुवातीला त्याचं उत्पादन थांबलं. तो बनला तेव्हा घरोघरी डबा टीव्ही, म्हणजे पिक्चर ट्यूबचे टीव्ही होते. हा टीव्ही आलेला सिग्नल साठवत नाही. ओळ आली की लगेच पडद्यावर काढतो.

आपल्याकडच्या पाल पद्धतीत पीएस२ सेकंदाला ५० अर्धी चित्रं पाठवतो. एकदा विषम ओळी, एकदा सम ओळी. म्हणजे दर २० मिलिसेकंदांना एक अर्धं चित्र. एलसीडी किंवा एलईडी टीव्हीला पूर्ण चित्र लागतं. त्यामुळे तो अर्धी चित्रं धरून ठेवतो, जोडतो, मोठी करतो, वर रंग आणि हालचाल 'सुधारतो', आणि मग दाखवतो. या सगळ्यात काही टीव्हींवर १०० मिलिसेकंदांहून जास्त वेळ जातो. सिनेमा बघताना ते कळत नाही, कारण आवाजही तेवढाच मागे ठेवलेला असतो. टेकनमध्ये मात्र तेवढ्यात फटका बसून जातो.

आधी खात्री करा: हा लॅगच आहे का?

* उशीर कायम आणि सारखाच आहे: हा लॅग. पुढचे उपाय करा.
* मध्येच अडकतं, मग सुरळीत चालतं: डिस्कवर ओरखडे असतील किंवा लेन्स दमली असेल.
* एखादंच बटण जोरात दाबावं लागतं: कंट्रोलरमधलं रबर झिजलंय किंवा आत ओल गेली आहे. खाडीकाठच्या पावसाळ्यात बंद डब्यात राहिलेल्या कंट्रोलरचं हे नेहमीचं दुखणं. उघडून आतले संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या.
* एकच गेम जड वाटतो: गेम मुळातच तसा असू शकतो. जीटीए सॅन अँड्रियास पीएस२ वर कधीच चपळ नव्हता.

मोबाईलने लॅग मोजा

1. मोबाईलच्या कॅमेऱ्यात स्लो मोशन लावा. २४० फ्रेमचा पर्याय असेल तर एक फ्रेम म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद.
2. अंगठा आणि टीव्हीचा पडदा दोन्ही एकाच चौकटीत येतील असा मोबाईल टेकवून ठेवा.
3. एकाच गेममध्ये एकच बटण दहा वेळा दाबा.
4. बटण खाली गेल्यापासून पडद्यावर हालचाल होईपर्यंतच्या फ्रेम मोजा आणि सरासरी काढा.
5. शक्य असेल तर हीच चाचणी डबा टीव्हीवर करा. गावच्या घरी, सोसायटीच्या ऑफिसात किंवा वॉचमनच्या केबिनमध्ये एखादा अजून सापडतो.

समजा, नव्या टीव्हीवर सरासरी ५० फ्रेम आल्या आणि डब्यावर २२. फरक २८ फ्रेमचा, म्हणजे साधारण ११५ मिलिसेकंद. एवढा उशीर टीव्हीचा. उरलेल्या २२ फ्रेम गेमच्या स्वतःच्या आहेत, त्या कोणीच कमी करू शकत नाही.

उपाय: फुकटापासून खर्चिकापर्यंत

१. गेम मोड चालू करा. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये तो असतो. बऱ्याच टीव्हींमध्ये तो प्रत्येक इनपुटसाठी वेगळा लावावा लागतो, त्यामुळे पीएस२ ज्या इनपुटला आहे तिथे जाऊनच लावा. गेम मोड नसेल तर मोशन स्मूदिंग, नॉइज रिडक्शन अशा सगळ्या 'सुधारणा' हाताने बंद करा. सर्वांत मोठा फरक बहुधा इथेच पडतो.

२. वायरलेस कंट्रोलर बाजूला ठेवा. स्वस्त नकली वायरलेस कंट्रोलर स्वतःचा उशीर वाढवतात. मूळ वायरचा कंट्रोलर लावून पुन्हा मोजा.

३. कन्व्हर्टर तपासा. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांचं एचडीएमआय करणारी स्वस्त डबी चित्र आधी स्वतः मोठं करते, मग टीव्ही पुन्हा त्यावर काम करतो. दोनदा उशीर होऊ शकतो. टीव्हीला थेट एव्ही इनपुट असेल तर डबी काढून मोजून बघा.

४. कम्पोनंट केबल घ्या. हिरवी-निळी-लाल अशी चित्राची केबल. चित्र स्वच्छ होतं, पण फक्त केबलने लॅग फारसा कमी होत नाही. जे गेम प्रोग्रेसिव्ह चित्र देतात त्यांत मात्र टीव्हीला अर्धी चित्रं जोडावी लागत नाहीत, आणि तिथे फायदा होतो. केबल लावल्यावर पीएस२ च्या सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये कम्पोनंट व्हिडिओ आउट 'वाय-सीबी-सीआर' वर ठेवा, नाहीतर रंग बिघडतात. जवळपास मिळाली नाही तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा आणि लॅमिंग्टन रोडवर विचारा. टीव्हीच्या मागे ती तीन भोकं आहेत का, हे निघण्याआधी बघून घ्या.

५. गेमिंग स्केलर. ओएसएससीसारखी यंत्रं पूर्ण चित्र न साठवता ओळीमागून ओळ पुढे पाठवतात, त्यामुळे त्यांचा स्वतःचा उशीर नगण्य असतो. पण ती महाग आहेत. रोज खेळणार असाल तरच विचार करा.

६. डबा टीव्ही. जागा असेल तर याला तोड नाही. मात्र त्याचं मागचं झाकण कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये जीवघेणा विद्युतदाब साठून राहू शकतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

साउंडबारमधून आवाज मागून येतो, तो लॅगच का? तो आवाजाचा वेगळा उशीर. ब्लूटूथ असेल तर वायर लावा, किंवा खेळताना टीव्हीचेच स्पीकर वापरा.

नवीन कंट्रोलर घेतल्याने फरक पडेल का? जुना वायरचा आणि सुस्थितीत असेल तर नाही. आधी मोजा, मग पैसे काढा.

लॅग शून्य होईल का? एलईडी टीव्हीवर नाही. पण गेम मोड लावून आणि डबी काढून तो इतका कमी होऊ शकतो की हाताला जाणवणार नाही. मग ब्लॉक वेळेवर लागेल. त्यानंतरही मुलगाच जिंकला, तर मात्र टीव्हीला दोष देता येणार नाही!