रविवारी शर्यत नाही

अनेक दिवस चालणाऱ्या धावण्याच्या शर्यतींत सहा दिवसांचाच पल्ला का रूढ झाला? त्याचं उत्तर शरीरशास्त्रात नाही, चर्चमध्ये आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत रविवारी तिकीट लावून खेळ करणं लोकांना खपत नसे. म्हणून रविवारची मध्यरात्र उलटली की सुरुवात आणि शनिवारी मध्यरात्रीच्या आत शेवट. हातात उरतात 144 तास.

तसं 1773 मध्येच फॉस्टर पॉवेल नावाचा लंडनचा कारकून पैजेखातर यॉर्कला जाऊन सहा दिवसांच्या आत परत आला होता, सुमारे 400 मैल. पण धंदा उभा राहिला तो एडवर्ड पेसन वेस्टनमुळे. लिंकनच्या शपथविधीसाठी हा गडी 1861 मध्ये बोस्टनहून वॉशिंग्टनला चालत निघाला आणि सोहळा आटोपल्यावर पोचला. पैज हरला, नाव मात्र झालं. 1874 मध्ये नेवार्कला त्याने सहा दिवसांत 500 मैल चालून दाखवले. पुढच्याच वर्षी शिकागोत डॅनियल ओ'लिअरीने त्याला हरवलं.

तोवर नियम चालण्याचा होता, आणि पाऊल नियमाप्रमाणे पडलं की नाही यावर वाद ठरलेला. सर जॉन अ‍ॅस्टली या खासदाराने 1878 मध्ये लंडनच्या अ‍ॅग्रिकल्चरल हॉलमध्ये विजेत्याला पट्टा देणारी स्पर्धा ठेवली आणि वादच मिटवला : चाला, धावा, रांगा, हवं तसं जा. माझ्या मते डावपेचांचा जन्म इथे झाला. ओ'लिअरीने तो पट्टा 520 मैल करून जिंकला, तोही बहुतेक चालूनच. धावण्याची मुभा मिळाल्यावर मात्र हिशोब करणारे पुढे आले.

हिशोब साधा आहे. 600 मैलांसाठी 144 तास अखंड चालत राहिलं, तर ताशी सव्वाचार मैल पुरतात. रोज चार तास झोप आणि खाण्यापिण्यात गेले, तर उरतात 120 तास आणि वेग होतो ताशी पाच मैल. आठ किलोमीटर! एवढ्या वेगाने सकाळी बागेत फेऱ्या मारणारे पुष्कळ भेटतील. प्रश्न वेगाचा नसून थांबण्याचा आहे : किती वेळ, कधी, आणि उठून परत उभं राहता येईल का.

चार्ल्स रोवेल या इंग्रजाने 1882 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये उलटा डाव टाकला. ताजेपणा आहे तोवर लुटून घ्यायचं. पहिल्या दिवशी 150 मैल, दोन दिवसांत 258. चौथ्या दिवशी मात्र तो बाहेर पडला. चुकून व्हिनेगर पिण्यात आल्याने पोट बिघडलं, असं तेव्हा सांगितलं गेलं. शर्यत जिंकली जॉर्ज हेझलने, 600 मैलांचा टप्पा पहिल्यांदाच गाठून. तंबाखूच्या धुराने कोंदलेल्या त्याच गार्डनमध्ये 1888 साली जॉर्ज लिटलवूडने 623 मैलांच्या पुढे मजल मारली. मग प्रेक्षक सायकलच्या सहा दिवसांच्या शर्यतींकडे वळले आणि हा खेळ जवळजवळ विसरला गेला.

लिटलवूडचा विक्रम 96 वर्षं टिकला. 1980 मध्ये कॅलिफोर्नियात सहा दिवसांची शर्यत पुन्हा सुरू झाली आणि 1984 मध्ये ग्रीसच्या यानिस कुरोसने न्यूयॉर्कला 1022 किलोमीटर धावून तो मोडला. गंमत म्हणजे त्यानेही पहिल्या दोन दिवसांतच सव्वाचारशे किलोमीटर मागे टाकले होते. म्हणजे रोवेलचं गणित चुकलं नव्हतं, त्याचं पोट चुकलं.

सहा दिवसांहून कितीतरी लांबच्या शर्यतीही आहेत. आध्यात्मिक गुरू श्री चिन्मय यांच्या अनुयायांची न्यूयॉर्कच्या क्वीन्समधली 3100 मैलांची शर्यत 1997 पासून आहे. मुदत 52 दिवस, म्हणजे रोज सरासरी 96 किलोमीटर. धावायची वेळ सकाळी सहा ते मध्यरात्र. झोपायचं कधी, हा या खेळातला सर्वांत अवघड निर्णय तिथे नियमानेच घेऊन टाकला आहे.