युद्धकैद्याचे पत्र आणि मातृभाषा

युद्धकैदी व त्याचे कुटुंब यांच्यातील पत्रव्यवहाराचा इतिहास बहुधा टपालाच्या अथवा आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अंगाने लिहिला जातो. कैद्याने कोणत्या भाषेत लिहावयाचे, ते कोणी लिहून द्यावयाचे आणि घरी कोणी वाचून दाखवावयाचे, हे प्रश्न त्या इतिहासात सहसा येत नाहीत. हिंदुस्थानी शिपायाच्या बाबतीत मात्र हे प्रश्नच मुख्य होत. प्रस्तुत लेखात पहिल्या महायुद्धाच्या अनुरोधाने त्यांचा थोडा विचार करावयाचा आहे.

कायद्याची बाजू प्रथम सांगितली पाहिजे. १९०७ च्या हेग नियमावलीने प्रत्येक युद्धमान राष्ट्रावर कैद्यांविषयी चौकशीची कचेरी उघडण्याचे बंधन घातले आणि कैद्यांचे टपाल हशिलमाफ केले. रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने ऑगस्ट १९१४ मध्ये जिनीव्हा येथे युद्धकैद्यांसाठी स्वतंत्र कचेरी स्थापन केली. तिच्या नोंदपत्रांची संख्या पुढे सुमारे ७० लाखांवर गेली. परंतु पत्राच्या भाषेविषयी हेगची नियमावली काहीच बोलत नाही. युरोपातील साक्षर शिपाई डोळ्यांसमोर ठेवून ती रचली गेली असावी, असे म्हणावयास हरकत नाही.

२९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथे जनरल टाउनशेंडचे सैन्य तुर्कांना शरण गेले. सुमारे १३,००० माणसे कैद झाली. हे सैन्य मुख्यतः सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनचे होते. तीत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. कैद्यांना बगदाद व मोसूलमार्गे वाळवंटातून चालवीत नेण्यात आले. वाटेत पुष्कळ मेले. उरलेल्यांतील अनेकांना रास-अल-ऐन व त्याच्या आसपास बगदाद रेल्वेच्या कामावर लावण्यात आले. सातारा-रत्नागिरीकडील घराला आपला माणूस मेला की कैद झाला हे कळण्याचे साधन म्हणजे पलटणीची यादी, आणि आलेच तर पत्र.

आता १९११ च्या खानेसुमारीप्रमाणे हिंदुस्थानात साक्षर पुरुष शेकडा सुमारे १०, तर स्त्रिया शेकडा सुमारे १ होत्या. म्हणजे सामान्यतः पत्र लिहिणारा शिपाई नव्हे आणि वाचणारी त्याची आई किंवा पत्नीही नव्हे. लिहिणारा एखादा साक्षर सोबती, वाचणारा शाळामास्तर किंवा कुलकर्णी, आणि मध्ये सेन्सॉर. नवऱ्याने बायकोला सांगावयाचे ते तीन परक्या पुरुषांच्या कानांवरून जाणार, हे धरूनच मजकूर सांगितला जाई. अशा पत्रात काय उरते? उरतो तो आपल्या परंपरागत पत्रलेखनाचा सांगाडा. वडिलांस शिरसाष्टांग नमस्कार, इकडील क्षेम, तिकडील क्षेम कळवीत जावे ही विनंती, आणि ज्याचे त्याचे नाते सांभाळून सगळ्यांस नमस्कार-आशीर्वाद. अभ्यासकांनी या ठराविक ओळींना ‘मजकूरशून्य’ म्हणून बाजूस सारले आहे. माझ्या मते ते चूक आहे. छावणीचे ठिकाण, उपासमार, मजुरी यांपैकी काहीही सेन्सॉर खोडू शकतो, पण ‘क्षेम असे’ हे तो खोडीत नाही. आणि घराला नेमके तेवढेच हवे असते. शिवाय कोणाला दंडवत व कोणाला आशीर्वाद, हा क्रम घरच्याच माणसाला ठाऊक असतो. पत्र खरे असल्याची ती खूण होय.

दुर्दैवाने मूळ पत्रे फारशी राहिली नाहीत. फ्रान्समधील हिंदुस्थानी फौजेच्या टपालासाठी १९१४ मध्ये सेन्सॉरची कचेरी नेमली गेली. तिने अहवालांसाठी काढलेले इंग्रजी उतारे लंडनला जपून राहिले आहेत, आणि इतिहासकार प्रायः त्यांवरच काम करतात. उतारा म्हणजे निवड. राजनिष्ठा, असंतोष किंवा युद्धाचे वर्णन शोधणाऱ्या अधिकाऱ्याच्या निवडीत क्षेमकुशलाला जागा मिळणे कठीणच होते.

१९२९ च्या जिनीव्हा कराराच्या ३६ व्या कलमाने दोन गोष्टी केल्या. छावणीत पोचल्यापासून आठवड्याच्या आत घरी पत्र धाडू देणे बंधनकारक केले, आणि कैद्यांचा पत्रव्यवहार सर्वसाधारणपणे त्यांच्या मातृभाषेत असावा असे प्रथमच लिहून ठेवले. १९४९ च्या करारात तो नियम कायम राहिला. शिवाय कैद्याला महिन्यास किमान दोन पत्रे व चार कार्डे लिहू देण्याची तरतूद झाली. जपानने १९२९ चा करार संमत केला नव्हता. त्याच्या ताब्यातील कैद्यांना त्यांच्या नातलगांनी लिहावयाची पत्रे पुढे २५ शब्दांपुरती मर्यादित झाली. ‘शब्द’ म्हणजे काय, याबद्दल वैयाकरणांचे अजून एकमत नाही. कारकुनांनी तो प्रश्न मोजून सोडविला.

पुन्हा पहिल्या महायुद्धाकडे वळू. बर्लिनच्या दक्षिणेस व्युन्सडोर्फ येथील ‘अर्धचंद्र छावणी’त फ्रान्सच्या आघाडीवर पकडलेले हिंदुस्थानी शिपाई होते. १९१५ मध्ये नेमलेल्या प्रशियाच्या ध्वनिमुद्रण आयोगाने व्हिल्हेल्म डेगेन यांच्या देखरेखीखाली जर्मनीतील छावण्यांतून सुमारे २५० भाषा व बोली तबकड्यांवर उतरविल्या. इंग्रज कैद्यांकडून या कामी उधळ्या पुत्राचा दाखला वदवून घेतला जाई. ग्रिअर्सननेही आपल्या भाषापाहणीत नमुन्यासाठी हाच दाखला घेतला होता. बापाच्या घरी परत येणाऱ्या मुलाची गोष्ट कैद्याच्या तोंडी घालताना कोणाला काही वाटले असेल काय?

११ डिसेंबर १९१६ रोजी तेथे एका पंजाबी शिपायाचा आवाज मुद्रित झाला. हिंदुस्थानात लोणी खाणारा एक माणूस होता, तो युरोपच्या लढाईत आला, जर्मनांनी त्याला पकडले, आता त्याला परत जावयाचे आहे, अशा आशयाचे ते बोलणे आहे. ते तृतीय पुरुषात आहे. घरच्या पत्रात नमस्कार कोणास हे असते आणि मजकूर गळतो. येथे मजकूर, मातृभाषा, प्रत्यक्ष कंठ, सारे आहे, फक्त संबोधन नाही. ती तबकडी बर्लिनच्या ध्वनिसंग्रहात भाषेच्या नावाखाली नोंदली गेली.