साठेखताचें बळ

आयुष्यभराच्या पुंजींतून विसार द्यावा, साठेखत करावें, आणि किंमत चढतांच विक्रेत्यानें घर देण्याचें नाकारावें, हें संकट फार जुनें आहे. इंग्लंडांतील सामान्य न्यायालयें अशा वेळीं केवळ नुकसानभरपाई देत. आणि विक्रेत्याचा हक्कच सदोष निघाल्यास, १७७६ च्या एका निवाड्यान्वयें, विसार व खर्च यांपलीकडे बहुधा कांहींच मिळत नसे. चॅन्सरी न्यायालयाची दृष्टि निराळी होती. एका घरासारखें दुसरें घर नसतें. म्हणून विक्रेत्यास त्याचें वचनच पाळावयास लावावें, हा त्याचा न्याय.

हेंच तत्त्व हिंदुस्थानांत १८७७ च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टानें आणलें. १८८२ च्या मालमत्ता-हस्तांतरणाच्या कायद्यानें, साठेखतानें मालकी येत नाहीं, असें ठरविलें. परंतु खरेदीदारानें दिलेल्या रकमेचा बोजा त्या घरावर ठेवला. तथापि करार पुरा करविण्याचा हुकूम देणें न्यायाधीशाच्या विवेकाधीन असे. १९६३ च्या नव्या कायद्यांतहि तें तसेंच राहिलें. २०१८ च्या दुरुस्तीनें मात्र तसा हुकूम देणें हा नियमच झाला. अटी पूर्वींच्याच: खरेदीदार स्वतः उरलेली रक्कम देण्यास सदैव सिद्ध असला पाहिजे, आणि दावा तीन वर्षांच्या आंत लावला पाहिजे. स्वतःचा शब्द पाळणाऱ्यासच दुसऱ्याचा शब्द पाळवून घेतां येतो.